बायोवाल्यांसाठी अणू: नजर बाहेरच्या कवचावर ठेवा

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खारफुटीत शिरणारी एक पायवाट आहे. भर दुपारी तिथल्या तिवराचं एखादं पान जवळून बघा. बघाच फक्त, तोडू नका; खारफुटीला कायद्याचं संरक्षण आहे. पानावर पांढरट बारीक कण दिसतात. आधी वाटतं, ठाणे-बेलापूर रोडची धूळ बसली असेल. पण ते मीठ असतं. तिवराची मुळं खाडीच्या पाण्यातलं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. तरीही जे आत शिरतं ते पानांतल्या क्षारग्रंथी बाहेर टाकतात, उन्हाने पाणी उडून जातं आणि कण मागे राहतात.

बोर्डाच्या पेपरात एवढं लिहिलं तरी मार्क मिळतील. पण जरा खोदून विचारलं तर प्रश्न अवघड होतो. त्याच पानातल्या पेशींना पोटॅशियम हवं असतं आणि तेही भरपूर. सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही पाण्यात विरघळलेले, दोघांवर एकेक धन प्रभार, रंग-वास कुणालाच नाही. तरी तिवर सोडियम बाहेर टाकतं आणि पोटॅशियम राखून ठेवतं. झाडाला या दोघांतला फरक कळतो कसा?

अकरावीत पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) घेऊन येणाऱ्या बऱ्याच मुलांचा समज असतो की बायो म्हणजे आकृत्या आणि पाठांतर, केमिस्ट्री ही वेगळ्या पेपराची कटकट. मग जैवरेणूंचा धडा येतो आणि घोकंपट्टी सुरू होते: हिमोग्लोबिनमध्ये लोह, हरितद्रव्यात मॅग्नेशियम, थायरॉइडमध्ये आयोडीन. परीक्षा संपली की सगळं धुऊन जातं, कारण लोहच का, मॅग्नेशियमच का, हे कुणी विचारलेलं नसतं. खरं तर जीवशास्त्राला लागणारी केमिस्ट्री थोडकीच आहे. आणि त्यातली जवळपास सगळी अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात घडते. केंद्रकाची ओळख करून घ्यायची, त्याला लांबून नमस्कार करायचा आणि नजर बाहेर ठेवायची.

तर आधी ओळख. अणूच्या मध्यभागी केंद्रक. त्यात धन प्रभाराचे प्रोटॉन आणि प्रभार नसलेले न्यूट्रॉन. भोवती ऋण प्रभाराचे इलेक्ट्रॉन. एक प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या साधारण 1836 पट जड, त्यामुळे अणूचं जवळपास सगळं वजन केंद्रकात एकवटलेलं असतं. जागा मात्र केंद्रक अगदीच कमी व्यापतं. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडांगणात खेळपट्टीच्या मधोमध मोहरीचा एक दाणा ठेवला, तर तो दाणा केंद्रक आणि सीमारेषेपर्यंतचं सगळं मैदान म्हणजे अणू, एवढी तफावत. दोन अणू जवळ येतात तेव्हा दाण्याला दाणा कधीच भिडत नाही. भिडतात त्या सीमारेषेजवळच्या गोष्टी, म्हणजे बाहेरचे इलेक्ट्रॉन.

मूलद्रव्य कोणतं हे प्रोटॉनच्या संख्येवरून ठरतं. 11 प्रोटॉन म्हणजे सोडियम, 12 म्हणजे मॅग्नेशियम, 19 म्हणजे पोटॅशियम, 26 म्हणजे लोह. आजवर अशी 118 मूलद्रव्यं माहीत आहेत. आता एक गोष्ट बायोवाल्यांनी मनात पक्की करावी. शरीरातलं कुठलंही एन्झाइम, कितीही करामती असलं तरी, अणूतला प्रोटॉन हलवू शकत नाही. साखरेची चरबी होईल, अमिनो आम्लांची प्रथिनं होतील, पण सोडियमचं मॅग्नेशियम होणार नाही. म्हणून कुंडीतल्या झाडाला मॅग्नेशियम मातीतूनच मिळावं लागतं. नाही मिळालं की पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधला भाग पिवळा पडतो. म्हणूनच लोहाची कमतरता असलेल्या माणसाला लोह बाहेरून द्यावं लागतं. मोठ्या माणसाच्या अंगात लोह असतं साधारण 4 ग्रॅम. तेवढं कमी पडलं तर शरीराला ते दुसऱ्या कशापासून बनवता येत नाही.

इलेक्ट्रॉन कवचांत असतात. पहिल्या कवचात 2, दुसऱ्यात 8, आणि सुरुवातीच्या वीस मूलद्रव्यांपुरतं बोलायचं तर तिसऱ्यातही 8 झाले की गाडी चौथ्यावर जाते. सोडियम 2, 8, 1. क्लोरीन 2, 8, 7. पोटॅशियम 2, 8, 8, 1. पुढे लोह, तांबं, जस्त यांच्यापाशी हा हिशेब असा सरळ चालत नाही, पण त्याची चिंता आत्ता नको.

आता मीठ. पुस्तकात असतं की सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांचीही बाहेरची कवचं आठाची होतात. मुलांच्या डोक्यात यातून असं चित्र बसतं की सोडियमला दानधर्माची हौसच आहे. तसं काही नसतं. एक मोल (अणू मोजायचा एक ठरावीक, प्रचंड मोठा गठ्ठा) सोडियम अणूंपासून एकेक इलेक्ट्रॉन ओढून काढायला 496 किलोज्यूल ऊर्जा खर्चावी लागते. क्लोरीनने ते इलेक्ट्रॉन घेतले की परत मिळतात जेमतेम 349. म्हणजे एवढ्यावर व्यवहार तोट्यातच आहे. मग मीठ होतं कसं? तयार झालेले धन आणि ऋण आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून किंवा घेऊन प्रभार आलेले अणू, एकमेकांना ओढून घेतात आणि एकाआड एक असे रचले जातात. या रचण्यातून दर मोलमागे साधारण 787 किलोज्यूल बाहेर पडतात, आणि तोटा भरून वर शिल्लक राहते. ‘आठ पूर्ण करण्याची इच्छा’ वगैरे मला तरी पटत नाही. इच्छा अणूला नसते. प्रभारांची ओढ असते आणि ऊर्जेचा जमाखर्च असतो.

क्लासमध्ये यावर एक प्रश्न हमखास येतो आणि तो चांगला प्रश्न आहे: सोसायटीच्या टाकीत घालतात त्या क्लोरीनचा तर नुसता वास आला तरी डोळे चुरचुरतात, मग मिठातल्या क्लोरीनने काही का होत नाही? कारण मिठात आहे तो क्लोराइड आयन, त्याच्याकडे इलेक्ट्रॉन आधीच आलेला आहे. क्लोरीन वायू मात्र मिळेल तिथून इलेक्ट्रॉन ओढत असतो. जंतूंच्या पेशीतून ओढले की पाणी शुद्ध होतं, आपल्या डोळ्यांच्या पातळ त्वचेतून ओढले की चुरचुरतं. केंद्रक दोन्हीकडे तेच, 17 प्रोटॉनचं. फरक एका इलेक्ट्रॉनचा. सोडियमचंही तसंच. सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर भडका उडतो, आणि तोच सोडियम आयन होऊन आपल्या रक्तात दिवसरात्र शांतपणे फिरतो.

आता तिवराकडे वळू. सोडियमने इलेक्ट्रॉन गमावला की उरतात दोन कवचं. पोटॅशियमने गमावला की उरतात तीन. प्रभार सारखा, पण आकार वेगळा: सोडियम आयनची त्रिज्या 102 पिकोमीटर, पोटॅशियमची 138. एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. फरक आहे 36 पिकोमीटरचा, आणि आपली सगळी चेतासंस्था या फरकावर उभी आहे.

पेशीच्या पटलात प्रथिनांचे मार्ग असतात, त्यातून आयन ये-जा करतात. पोटॅशियमचा मार्ग पोटॅशियमला सोडतो आणि सोडियमला अडवतो. दहा हजार पोटॅशियम गेले तर त्यात एखादा सोडियम निसटला तर निसटला. गंमत अशी की सोडियम लहान आहे. चाळणीतून मोठा खडा पडावा आणि बारीक अडावा, असं कधी होतं का? बरीच वर्षं हे कोडं होतं. 1998 साली रॉडरिक मॅककिनन यांनी एका जिवाणूतल्या अशा मार्गाची रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि उत्तर दिसलं. 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं, ते याच कामासाठी.

पाण्यात कुठलाही धन आयन एकटा फिरत नाही. पाण्याच्या रेणूंची ऑक्सिजनची बाजू थोडी ऋण असते, ती आयनकडे वळते आणि त्याच्याभोवती पाण्याचं वेष्टन तयार होतं. हे वेष्टन सोडवायचं तर ऊर्जा लागते. पोटॅशियमच्या मार्गाचा सर्वांत अरुंद भाग इतका चिंचोळा असतो की आयनला वेष्टन बाहेर सोडूनच आत शिरावं लागतं. तिथे भिंतीला प्रथिनाचे ऑक्सिजन अणू रांगेने लागलेले असतात, आणि त्यांचं अंतर असं असतं की पोटॅशियमला ते पाण्यातल्या ऑक्सिजनइतकेच जवळचे वाटतात. त्यामुळे पाणी सोडण्याचा खर्च आत शिरताच भरून निघतो. सोडियम लहान. तो त्या जागेत उभा राहिला तर सगळ्या बाजूंच्या ऑक्सिजनपर्यंत पोहोचतच नाही, खर्च भरून निघत नाही, मग तो पाण्यातच राहतो. पोटॅशियम मात्र या मार्गातून सेकंदाला कोटीच्या घरात जाऊ शकतात.

तिवराच्या क्षारग्रंथीत काम करणारी प्रथिनं वेगळी आहेत, त्यांत ऊर्जा खर्चून आयन ढकलणारे पंपही आहेत. पण निवड होते ती अशाच गोष्टींवर: आयनचा आकार, प्रभार, पाण्याचं वेष्टन सोडायला येणारा खर्च. आपल्या पेशीतही सोडियम-पोटॅशियम पंप अखंड चालू असतो. एका एटीपीच्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या) बदल्यात 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी 1957 साली हा पंप दाखवून दिला, ते खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंवर काम करून. त्यांना नोबेल मिळालं 1997 साली, म्हणजे चाळीस वर्षांनी.

कॅल्शियमबद्दल एवढंच: त्याचे बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन जातात, प्रभार दुप्पट होतो, त्यामुळे तो प्रथिनांना घट्ट धरतो आणि त्यांचा आकार बदलू शकतो. स्नायू आकुंचन पावतो तो यामुळे.

देणंघेणं झालं, आता वाटून घेणं. माणसाच्या वजनात ऑक्सिजन साधारण 65 टक्के, कार्बन 18, हायड्रोजन 10, नायट्रोजन 3. या चौघांतच वजनाचे 96 टक्के संपतात. जमिनीचा हिशेब वेगळाच आहे. पृथ्वीच्या कवचात ऑक्सिजननंतर नंबर लागतो सिलिकॉनचा, जवळपास 28 टक्के. येऊरच्या डोंगराचा काळा दगड घ्या, त्यात सिलिकॉन खच्चून भरलेलं आहे. कार्बन त्यामानाने नगण्य. मग येऊरच्या जंगलातली झाडं, बिबटे आणि फुलपाखरं सिलिकॉनची का झाली नाहीत? दोघांच्याही बाहेरच्या कवचात 4 इलेक्ट्रॉन आहेत की!

चार इलेक्ट्रॉन म्हणजे ना धड द्यायला परवडत, ना घ्यायला. मग असा अणू शेजाऱ्याशी एकेक जोडी वाटून घेतो, तो सहसंयुज बंध. कार्बन असे चार बंध करतो, आणि कार्बनला कार्बन जोडत लांबच लांब साखळ्या, फांद्या, कडी करतो. सिलिकॉनचा अणू मोठा, त्याचे एकमेकांशी बंध सैल. ऑक्सिजन दिसला की तो त्याच्याकडे जातो आणि तिथेच घट्ट बसतो. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो फरक श्वासाचा आहे. कार्बन ऑक्सिजनशी दुहेरी बंध करून, म्हणजे दोन-दोन जोड्या वाटून, कार्बन डायऑक्साइड बनतो, तो वायू. पानं तो हवेतून घेतात, आपण तो श्वासातून सोडतो, येणं-जाणं चालू राहतं. सिलिकॉनचं डायऑक्साइड म्हणजे वाळू. जेवून पचवून शेवटी फुप्फुसात वाळू साठली असती तर पुढचा विषयच संपला असता.

दुहेरी बंधाची करामत बघायची तर हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत बघा. 2022 साली ही खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि फ्लेमिंगोंचे थवे हे तिचं सगळ्यांना ठाऊक असलेलं आकर्षण. फ्लेमिंगोचं पिल्लू जन्मतः राखाडी असतं. गुलाबी रंग येतो खाण्यातून: शैवालातली आणि त्यावर जगणाऱ्या बारीक जिवांतली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं पोटात जातात, थोडी बदलतात आणि पिसांत साठतात. गाजराचं बीटा-कॅरोटीन याच कुळातलं. त्यात फक्त कार्बन आणि हायड्रोजन आहेत, 40 कार्बन आणि 56 हायड्रोजन. मेणबत्तीच्या मेणातही मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजनच, पण मेण पांढरं. फरक इतकाच की कॅरोटीनच्या साखळीत एक बंध एकेरी, एक दुहेरी, पुन्हा एकेरी, असा क्रम लागलेला असतो. अशा क्रमात काही इलेक्ट्रॉन एका जोडीत अडकून न राहता साखळीभर पसरतात. पसरलेल्या इलेक्ट्रॉनला उचलायला कमी ऊर्जा पुरते, तेवढी निळ्या-हिरव्या प्रकाशात असते. तो प्रकाश शोषला गेला की उरलेला पिवळा-लाल आपल्या डोळ्यांत येतो. नव्या मुंबईत एनआरआय कॉम्प्लेक्सजवळ लोक ज्या रंगाचे फोटो काढतात तो म्हणजे बाहेरच्या इलेक्ट्रॉनांनी निळा-हिरवा प्रकाश गिळल्यावर उरलेला प्रकाश.

वाटून घेणंही नेहमी निम्मंनिम्मं नसतं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे जास्त ओढतो, त्यामुळे ती बाजू किंचित ऋण, हायड्रोजनची किंचित धन. एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, हा हायड्रोजन बंध. एकटा घेतला तर अगदी दुबळा. पण डीएनएच्या दोन पट्ट्या याच बंधांच्या रांगेने जुळलेल्या असतात, आणि दुबळा आहे म्हणूनच पेशीला त्या उघडता येतात. तेल पाण्यात का मिसळत नाही, पेशीपटल आपोआप का तयार होतं, प्रथिनाची घडी कशी पडते, यांतल्या प्रत्येक उत्तराची सुरुवात ऑक्सिजनच्या या ओढीपासून होते. नीटचा अभ्यास करणाऱ्यांनी एवढा एक परिच्छेद वेळ देऊन समजून घेतला तर पुढची दोन-तीन प्रकरणं हलकी जातील.

लोहाचं काम आणखी नाजूक. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार लोह अणू, प्रत्येकाने दोन इलेक्ट्रॉन गमावलेले. अशा अवस्थेत ते ऑक्सिजनला धरू शकतात आणि पेशीपाशी सोडूही शकतात. तिसरा इलेक्ट्रॉन गेला की तेच लोह ऑक्सिजन धरायला निकामी होतं. आणि कार्बन मोनॉक्साइड आला तर लोह त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतं. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं जातात ती यामुळे. तेवढी खिडकी उघडी ठेवत जा.

इतका वेळ केंद्रकाला बाजूला ठेवलं, पण एका ठिकाणी ते स्वतःहून आडवं येतं. प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन वेगळे, असे एकाच मूलद्रव्याचे अणू म्हणजे समस्थानिक. एकूण इलेक्ट्रॉन प्रोटॉनइतकेच असल्यामुळे बाहेरचं कवचही तेच, म्हणून समस्थानिकांचं रासायनिक वागणं जवळपास एकच. आपल्या अंगातल्या पोटॅशियममध्येच अगदी थोडा भाग पोटॅशियम-40 या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. मोठ्या माणसाच्या शरीरात त्याचे सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात, आणि पंप त्यालाही इतरांसारखाच आत घेतो.

वैद्यकशास्त्राने हाच धागा पकडला. मिठातलं नेहमीचं आयोडीन म्हणजे आयोडीन-127, त्यात 53 प्रोटॉन आणि 74 न्यूट्रॉन. आयोडीन-131 मध्ये न्यूट्रॉन 78, चार जास्त, आणि ते किरणोत्सारी. दर आठ दिवसांनी निम्मं होतं. थायरॉइडला बाहेरचं कवच तेवढं कळतं, ती दोन्ही आयोडीन सारख्याच आवडीने ओढून घेते. थायरॉइडच्या कर्करोगात म्हणूनच हे औषध थेट ग्रंथीपर्यंत जातं, कुणाला पत्ता सांगावा लागत नाही. भारतात अशी किरणोत्सारी औषधं पुरवणारी संस्था ब्रिट, म्हणजे विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळ, आपल्या वाशीतच आहे.

वाशीतच मसाल्यांवर गॅमा किरण सोडून ते जंतुमुक्त करण्याचा ब्रिटचा प्रकल्पही आहे. तिथे वापरतात कोबाल्ट-60. कोबाल्टचे प्रोटॉन 27. जीवनसत्त्व बी-12 च्या रेणूच्या मध्यभागी जो अणू असतो तोही कोबाल्टच, फक्त 32 न्यूट्रॉनचा, स्थिर. एक न्यूट्रॉन वाढला की तो किरणोत्सारी होतो. लोक घाबरून विचारतात, किरण सोडलेली हळद-मिरची मग किरणोत्सारी होत नाही का? या गॅमा किरणांची ऊर्जा बाहेरचे इलेक्ट्रॉन उडवून बंध तोडायला भरपूर पुरते, त्यामुळे जिवाणूंचा डीएनए तुटतो आणि ते मरतात. हळदीतल्या अणूचं केंद्रक बदलायला मात्र ती पुरत नाही. कार्बन कार्बनच राहतो, आणि पाकिटातली हळद हळदच राहते.